ठकूबाईची माळ आणि शेठचे खिळे

पैशाला मधोमध भोक असायचं, तेव्हाची ही गोष्ट. राज्य कुणाचं होतं ते मी विसरले, गावाचं नावही विसरले, पण तो भोकाचा पैसा काही विसरले नाही. बाया तो दोऱ्यात ओवायच्या. चौसष्ट पैशांची माळ झाली की झाला एक रुपया. हल्लीच्या मुलांना सांगितलं तर हसतात. हल्ली काय, दुकानात नाणं पुढे केलं की गल्ल्यावरचा माणूस असं तोंड करतो, जणू आपण त्याच्या हातावर झुरळ ठेवलंय! असो. गोष्ट सांगायला बसलेय, भांडायला नाही.

तर एका बाजारगावात एक फुटाणेवाली राहायची. ठकूबाई तिचं नाव. दारात चूल, चुलीवर बिडाची मोठी कढई, कढईत तापलेली वाळू आणि वाळूत हरभरे. हरभरे तडतडायला लागले की आळीतली पोरं हातातलं काम टाकून धावत सुटायची. पैशाला ओंजळभर फुटाणे, आणि ओंजळ पोराची नाही, ठकूबाईची! ज्याच्याकडे पैसा नसेल तो उगाच चुलीपाशी घुटमळायचा. मग ठकूबाई म्हणायची, "ए, इकडे ये. मीठ बरोबर पडलंय का सांग बरं." त्या निमित्ताने त्याचीही मूठ भरायची. काय वास असायचा त्या फुटाण्यांना! तो वास आता कुठे येत नाही.

तिचं गिऱ्हाईक पोरंटोरं, त्यामुळे कमाई सगळी पैशापैशाची. चूल विझली की ती पैसे राखेने घासायची, धुवायची, पदराला पुसायची आणि दोऱ्यात ओवायची. ठकूबाईची माळ कधी एका पैशानेही कमी भरली नाही, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं.

त्याच गावात लोखंडी सामानाचं एकच एक दुकान होतं. कढया, तवे, विळे, कात्र्या, खिळे, काय म्हणाल ते तिथे मिळायचं. दुकान अंतूशेठचं. या अंतूशेठची एक रीत होती. कुणी बंदा रुपया घेऊन आला तर शेठ बसल्या जागेवरून "या, या" म्हणायचे. पण फुलवाली, पानवाला, कासारीण असं कुणी मोड, म्हणजे सुटे पैसे, घेऊन आलं, की शेठ स्वतः उठायचे. त्याला फळीवर बसवायचे, हातावर गुळाचा खडा ठेवायचे, तांब्याभर पाणी द्यायचे. मग माळ घ्यायची, कपाळाला लावायची आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवायची. मोजणं नाही की काही नाही.

"शेठ, मोजून तरी घ्या," कुणी म्हणालं तर विचारायचे, "तू ओवताना मोजलीस ना? मग झालं की!"

एकदा शेजारच्या कापडवाल्याने विचारलं, "अंतूशेठ, रुपयावाल्याला नुसतं 'या' आणि पैसेवाल्याला गूळपाणी? हा कुठला उफराटा न्याय?"

शेठ हसले. म्हणाले, "रुपयावाला माझं दुकान बघायला येतो. पैसेवाला माझं दुकान चालवायला येतो."

कापडवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. मलाही लहानपणी कळलं नव्हतं.

गूळ वाटायचं काम शेठच्या मुलाकडे, वामनकडे असायचं. वाटी घेऊन ते पोरगं फळीशी उभं. एक खडा गिऱ्हाइकाला, एक आपल्या तोंडात! ठकूबाई आली की "मावशी, मावशी" करत तिच्या ओच्यातले फुटाणे हक्काने काढून घ्यायचा. गुळासोबत फुटाणे खाऊन पाहिलेत कधी? नसतील तर आज खा.

पुढे वामन मोठा झाला. धंदा शिकायला म्हणून शहरात मामाकडे गेला. इकडे अंतूशेठ थकले आणि एक दिवस देवाघरी गेले. वामन परत आला, गादीवर बसला आणि वामनशेठ झाला. आल्या आल्या त्याने गुळाचा खर्च बंद केला. फळी काढून काचेचं कपाट ठेवलं. भिंतीवरची खुंटी उपटली आणि तिथे भला मोठा आरसा लावला. आता लोखंडाच्या दुकानात आरसा कशाला, ते त्याचं त्यालाच माहीत.

बघता बघता देवीची जत्रा आली. जत्रेत फुटाणे-बत्तासे घेतल्याशिवाय कुणी घरी जात नाही, म्हणजे ठकूबाईची सगळ्या वर्षाची कमाई त्या एका दिवसावर. आणि नेमकी आदल्या दिवशी सकाळी तिची कढई तडकली! बिडाची ती, एकदा चीर गेली की कामातून गेली. चिरेतून वाळू गळून चुलीत पडायला लागली. ठकूबाईने कपाळावर हात मारला. कढई नाही तर फुटाणे नाहीत, फुटाणे नाहीत तर जत्रा नाही, आणि जत्रा गेली तर पुढल्या पावसाळ्यात खायचं काय?

पण बाई रडत बसणारी नव्हती. फडताळातल्या तीन माळा तिने पदरात बांधल्या. नव्या कढईला बरोबर तेवढेच पडत होते. तशीच तरातरा अंतूशेठच्या दुकानी गेली. अजून सगळे ते दुकान अंतूशेठचंच म्हणायचे.

वामनशेठ आरशात बघून मिशीला पीळ देत होता.

"शेठ, बिडाची मोठी कढई द्या," असं म्हणून ठकूबाईने माळा काचेवर ठेवल्या.

माळा खण्णकन वाजल्या, तसा शेठ दचकून वळला. "ए बाई! काच फोडतेस का? आणि हे काय आणलंस?"

"पैसे आहेत शेठ. तीन माळा. तुमच्या वडलांच्या वेळेपासून अशाच आणते मी."

"वडलांच्या वेळचं वडलांबरोबर गेलं. ही घाण कोण मोजत बसणार? भीक मागून आणलीस की काय?"

दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. ती वळून बघायला लागली. ठकूबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण जत्रा उद्यावर आली होती. तिने राग गिळला.

"शेठ, माझं गिऱ्हाईक लहान लेकरं. ती काय मला बंदा रुपया देणार आहेत? आणि माळ मोजलेली आहे. हवं तर तुम्ही मोजा, मी थांबते."

"मोजतो हं!" असं म्हणून वामनशेठने कपाटावरची पत्रा कापायची कात्री उचलली आणि एका माळेचा दोरा कचकन कापला. पैसे काचेवरून घरंगळले, उंबऱ्यावरून उड्या मारत रस्त्यात गेले, काही दुकानातल्या लाकडी पाटाखाली गेले. शेठ हसत म्हणाला, "घे, मोज आता तूच. आणि सगळ्यांना सांग, या दुकानात चिल्लर चालत नाही. बंदे रुपये घेऊन ये, मग कढई ने."

ठकूबाई खाली बसली. एक एक पैसा वेचला, पदराला पुसला. तिला एवढं वाईट कढई तडकली तेव्हाही वाटलं नव्हतं. ज्या पोराला मांडीवर बसवून फुटाणे भरवले, त्याच्या पायाशी आज ती पैसे वेचत होती.

उठताना ती एवढंच म्हणाली, "शेठ, या पैशावर राजाचा मुकुट आहे. रुपयावरही तोच आहे. राजाला लाज वाटली नाही, तुम्हाला कशी वाटली?"

वामनशेठ पुन्हा आरशाकडे वळला.

ठकूबाई तिथून सराफाकडे गेली. पण सराफ मोड बदलून द्यायचे पैसे कापतो, त्याला बट्टा म्हणतात. बट्टा दिला असता तर कढईला पैसे पुरले नसते. दुसरं लोखंडाचं दुकान नदीपलीकडच्या गावात, म्हणजे जाऊन येईतो जत्रा संपली असती. शेवटी कुंभाराने तिला एक मोठं मातीचं खापर दिलं. "यात भाज. पण जपून हं मावशी, जाळ जास्त झाला तर हेही जाईल."

त्या दिवशी फुलवालीही माळ घेऊन दुकानी गेली आणि हात हलवत परत आली. पानवाल्याचं तेच झालं, कासारणीचंही तेच. दरवर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी या सगळ्यांच्या माळांनी अंतूशेठची खुंटी वाकायची. यंदा आरशात नुसता वामनशेठ दिसत होता.

जत्रेचा दिवस उजाडला. डोंगरातून, खोऱ्यातून माणसं लोटली. लोकर, तूप, जनावरं विकून आलेली, प्रत्येकाच्या कमरेला खणखणीत बंदे रुपये. वामनशेठ खूश! म्हणाला, याला म्हणतात गिऱ्हाईक.

पहिलाच आला एक धनगर. त्याने लोकर कापायची कात्री घेतली आणि रुपया टाकला. शेठने गल्ला उघडला, तर आत रुपयेच रुपये. परत द्यायला मोड कुठाय? शेठने इकडेतिकडे पाहिलं आणि मूठभर खिळे पुढे केले. "घे, सुट्टे नाहीत. तेवढ्या किमतीचे खिळे ने."

"खिळे?" धनगर बघतच राहिला. "शेठ, मी मेंढरं राखतो. मेंढरांना नाल ठोकू काय?"

"हवं तर घे, नाहीतर चालू लाग. मागे रांग लागलीय."

धनगराने खिळे घेतले, पण जाताना असं काही पाहिलं की ते खिळे शेठला न ठोकताच टोचले असतील. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तवा हवा होता. तो म्हणाला, खिळे नकोत, माझे पैसे दे. एक बाई म्हणाली, "अरे, देवीपुढे काय खिळा ठेवू?" तिसरा घेतलेला विळा परत टाकून गेला, चौथा त्याच्या मागे गेला. "एवढं मोठं दुकान आणि सुटा पैसा नाही!" असं म्हणत लोक पायऱ्या उतरायला लागले. वामनशेठ कापडवाल्याकडे धावला. तो म्हणाला, "बाबा रे, मीच दरवर्षी तुझ्या वडलांकडून मोड न्यायचो."

तेव्हा त्याला आठवलं, काल काही पैसे पाटाखाली गेले होते. वामनशेठ भर गर्दीत गुडघ्यांवर बसला, आडवा झाला, पाटाखाली हात घातला. रेशमी सदऱ्याला जाळीजळमटं लागली. आरशात ते सगळं दिसत होतं. हाताला दोनच पैसे लागले. दोन पैशांनी काय होणार? पण ते त्याने उजेडात धरून पाहिले. राखेने घासलेले ते लख्ख पैसे होते, ते कुणाचे हे विचारायची गरज नव्हती.

मग तो उठला, मूठभर रुपये घेतले आणि देवळाकडे निघाला.

देवळाच्या वाटेवर ठकूबाई बसली होती. खापराने दुपारपर्यंत साथ दिली आणि मग तेही तडकलं होतं. टोपलीत तळाला थोडे फुटाणे, पुढ्यात गार पडलेली चूल आणि पोरांची रांग. "मावशी, संपले?" "संपले रे बाळा," असं ती प्रत्येकाला सांगत होती. शेजारी फुलवाली, पानवाला, कासारीण आपापली दुकानं मांडून बसले होते.

वामनशेठ समोर येऊन उभा राहिला. मान खाली. "मोड हवी होती," तो पुटपुटला.

आजूबाजूचे सगळे एकदम सरसावले. पानवाला ओरडला, "मावशी, दणदणीत बट्टा घे! रुपयाला चार आणे!" कासारीण म्हणाली, "बट्ट्याचं सोड ठकूबाई. याच्यासमोर माळ तोड, फेक धुळीत, आणि म्हण, वेच आता तूच!" लोक हसले. ठकूबाईने पदरातली माळ काढली. दोरा दोन्ही हातांच्या मुठीत धरला. खोटं कशाला सांगू, तोडावीशी तिला फार वाटली. कालचा राग अजून तसाच होता. एक हिसका दिला असता की झालं असतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, ओठ सुकलेले, सदऱ्याला जळमटं. सकाळपासून पाण्याचा घोट पोटात नसणार.

ठकूबाईने माळ खाली ठेवली आणि गोणपाट झटकलं. "बस," ती म्हणाली.

तिने तांब्या भरून त्याच्या हातात दिला. आपल्या भाकरीच्या फडक्यातून गुळाचा खडा काढला, टोपलीच्या तळातले फुटाणे घेतले आणि दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवले.

"हे... हे कशाला?" वामनशेठ म्हणाला.

"तुझ्याच घरची रीत आहे. पैशासाठी दारात आलेल्या माणसाला आधी गूळपाणी. तू मोडलीस, मी नाही मोडणार."

वामनशेठने गूळ तोंडात टाकला, वर फुटाणे टाकले. आणि त्याला सगळं आठवलं. ती फळी, ती वाटी, खुंटीला वाऱ्याने किणकिणणाऱ्या माळा, माळ कपाळाला लावणारे वडील. "एक खडा गिऱ्हाइकाला हं, वामन, आधी गिऱ्हाइकाला," असं म्हणणारा त्यांचा आवाज. एवढा मोठा मिशीवाला माणूस भर जत्रेत लहान पोरासारखा रडला.

"मावशी, चुकलो मी," असं म्हणून त्याने मुठीतले दोन पैसे तिच्यापुढे ठेवले. "हे काल पाटाखाली राहिले होते. तुझे आहेत."

ठकूबाईने ते दोन पैसे दोऱ्यात ओवले, तेव्हा कुठे तिसरी माळ पुरी झाली. मग तिन्ही माळा त्याच्या हातात दिल्या आणि तीन रुपये घेतले. बट्टा एका छदामाचा नाही! ते बघून फुलवालीने आपली माळ काढली, कासारणीने काढली, आणि बट्टा बट्टा करणाऱ्या पानवाल्यानेही गुपचूप आपली पुढे केली.

ठकूबाईने मात्र ते तीन रुपये पदरात बांधले नाहीत. तळहातावर घेऊन तिने ते पुन्हा शेठपुढे धरले.

"हे घ्या शेठ. बंदे रुपये. आता तरी कढई मिळेल ना?"

वामनशेठने कानांना हात लावले. "मावशी, आणखी लाजवू नकोस. कढई तुला अशीच देतो."

"फुकट नको," ठकूबाई म्हणाली. "फुकट हवी असती तर खरंच भीक मागितली असती. मला माझ्या पैशाची हवी."

शेठने रुपये घेतले, कपाळाला लावले. मग तो दुकानी गेला, सगळ्यांत मोठी कढई निवडली आणि नोकराला हाक न मारता स्वतःच्या डोक्यावर घेऊन भर गर्दीतून आला. कढईखाली त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसत्या मिशा दिसत होत्या. पोरं टाळ्या पिटत मागे धावली. दिवेलागणीच्या आत चूल पेटली, वाळू तापली आणि हरभरे तडतडायला लागले. अर्धी जत्रा हातची गेली होती, ती काही परत आली नाही. पण उरलेल्या अर्ध्या जत्रेने ठकूबाईला पावसाळ्यापुरतं दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धनगर पुन्हा दुकानी आला. डोक्याला मुंडासं घट्ट बांधून, भांडायच्या तयारीनेच आला होता. त्याने मूठभर खिळे काचेवर आपटले.

"शेठ, एक उलथणं द्या! आणि हे घ्या पैसे. काल तुम्हीच मोड म्हणून दिलेत, आज मी देतो. चालत नाहीत म्हणालात तर बघा!"

वामनशेठ गादीवरून उठला. त्याने धनगराला फळीवर बसवलं, हो, फळी पुन्हा आली होती. हातावर गुळाचा खडा ठेवला, तांब्याभर पाणी दिलं. मग एक एक खिळा नीट वेचून घेतला आणि उलथणं काढून दिलं. वर जे पैसे निघाले ते मोजून धनगराच्या हातावर ठेवले.

"चुकलं माझं काल," तो म्हणाला.

धनगर गूळ चघळत बसला. घरून पाठ करून आणलेल्या शिव्या आता कुठे ठेवायच्या, ते त्याला समजेना. शेवटी म्हणाला, "गूळ बरा आहे हो शेठ," आणि उलथणं खांद्याला लावून गेला.

भिंतीवरचा आरसा त्याच दिवशी उतरला. तिथे पुन्हा खुंटी ठोकली. आता खिळ्यांना काय तोटा होता!

ते दुकान आता नाही, ते पैसेही नाहीत. आता पैसे फोनमधून जातात, वाजतसुद्धा नाहीत. जाऊ द्या, काळ बदलतो. पण परवा एका दुकानात एका म्हाताऱ्याने खिशातून नाणी काढली, आणि गल्ल्यावरच्या मुलीने कपाळाला आठी न घालता त्याला बसायला स्टूल दिलं. मला उगाच गुळाचा वास आल्यासारखं झालं.

तात्पर्य: नाणं केवढं ते बघू नका, ते पुढे करणारा हात बघा. आणि कुणी तुमची माळ तोडली, तर तुम्ही त्याची तोडू नका. नाहीतर दोघंही धुळीत पैसे वेचत बसाल आणि गूळ मुंग्या खातील.